गाडीचा कूलिंग फॅन आवाज करतोय? पाना उचलण्याआधी कान लावा

"गाडी लई आवाज करायली, फॅन गेला वाटतं." एप्रिल उजाडला की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. पुढचा क्रमही ठरलेला. बोनेट उघडायचं, फॅनवर कुठला तरी स्प्रे मारायचा, दोन दिवस बरं वाटलं की गप्प बसायचं आणि पुन्हा आवाज आला की थेट नवी मोटर बसवायची.

आमच्या बीडच्या गल्लीतल्या एका काकांनी असंच केलं. नवी मोटर बसली आणि संध्याकाळी पुन्हा तीच कटकट. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर फॅनच्या काउलला, म्हणजे पात्यांभोवतीच्या प्लास्टिकच्या कड्याला, खालच्या बाजूनं तडा गेलेला, आणि गाडी गरम झाली की तो तुकडा पात्याला शिवायचा. प्लास्टिकच्या त्या चार बोटं तुकड्यापायी चांगली मोटर भंगारात गेली. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ऐकणं, बघणं, हात लावणं, आणि खोलणं सगळ्यात शेवटी.

१. आवाज फॅनचाच आहे का?

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना बोनेट उघडा, एसी बंद ठेवा आणि गाडी सुरू करा. बहुतेक छोट्या गाड्यांना इलेक्ट्रिक फॅन असतो आणि इंजिन थंड असताना तो फिरत नाही. फॅन उभा आहे आणि तरी आवाज येतोय, तर शोध दुसरीकडे घ्या: पट्टा, अल्टरनेटरचं बेअरिंग, वॉटर पंप, पट्ट्याची पुली.

आता कुणाला तरी अॅक्सिलरेटर हळूहळू दाबायला सांगा. इलेक्ट्रिक फॅनचा वेग इंजिनच्या वेगावर चालत नाही. अॅक्सिलरेटरबरोबर आवाज चढत-उतरत असेल तर तो इंजिनवर चालणाऱ्या भागाचा आहे.

पुढं एसी लावून बघण्याची सगळ्यांना सवय असते, कारण एसी लावला की फॅन लागतो. पण त्याच वेळी एसीचा कॉम्प्रेसरही जोडला जातो, हे लोक विसरतात. कॉम्प्रेसरच्या पुलीची घरघर फॅनच्या नावावर खपते ती इथंच. खरी परीक्षा एसी बंद ठेवूनच होते. गाडी जागेवर चालू ठेवा आणि इंजिन तापू द्या. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की फॅन आपोआप लागतो, थोडा वेळ फिरतो आणि थांबतो. आवाज फॅनबरोबर सुरू झाला आणि फॅन मंदावताना तोही मंदावत विरला, तर चोर सापडला.

काही गाड्यांना दोन फॅन असतात, एक रेडिएटरचा आणि एक एसीच्या कंडेन्सरचा. कोणता ओरडतोय ते कळत नसेल तर गाडी बंद करून एकाचं कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि मग ऐका. मात्र रेडिएटरच्या फॅनचं कपलर काढून गाडी जास्त वेळ चालू ठेवू नका. नजर तापमानाच्या काट्यावर हवी.

सावधान: ऐकताना वाकायचं ते बाजूनं. गळ्यातला गमछा, ओढणी, शर्टाची सैल बाही, मोकळे केस, काहीही लोंबता कामा नये. इलेक्ट्रिक फॅन सांगून लागत नाही.

बिघाड नसतानाही येणारे दोन आवाज आहेत. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ अंशांवर असतो. तेव्हा एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की फॅन मोठ्यानं आणि जवळजवळ सतत फिरणारच. आणि काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन मिनिट-दोन मिनिटं चालतो. त्यासाठी कुणाला गाडी दाखवायची गरज नाही.

२. आवाजाची जात ओळखा

शक्य असेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दुरुस्तीनंतर तुलना करायला उपयोगी पडतो.

ठरावीक तालात कटकट किंवा फरफर येते, तेव्हा पात्याला काहीतरी लागतंय. सुटलेली वायर, वाळलेली काडी, गुटख्याची पुडी, फुटलेलं काउल. यात मोटरचा दोष नसतो आणि खर्चही जवळजवळ नसतो.

घरघर, जात्यासारखी, आणि फॅन थांबत असताना ती जास्त स्पष्ट ऐकू येते: मोटरचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) किंवा बेअरिंग झिजलंय.

सुरुवातीला चिर्रर्र करून नंतर शांत होतो: बुश कोरडं पडलंय. त्याच्या आयुष्याची ही शेवटाची सुरुवात समजा.

आवाजापेक्षा थरथर जास्त, ती स्टिअरिंगवर किंवा बोनेटवर हात ठेवला तरी जाणवते: पातं तुटलंय, पात्यावर चिखल एका बाजूला सुकून बसलाय, नाहीतर फॅनचे बोल्ट किंवा रबरी बुश गेलेत.

विमान उडाल्यासारखा भोंग आवाज, सतत: इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. हा फॅन बिघडलेला नसतो, तो जीव तोडून काम करत असतो. का, ते पाचव्या टप्प्यात.

३. तयारी

गाडी सपाट जागेवर, सावलीत, हँडब्रेक ओढून. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे बंद केल्यावर किमान दोन तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चावी खिशात. मग दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस काढा आणि टर्मिनलवर कापड गुंडाळून बाजूला सरकवा. चावी काढली म्हणजे फॅन फिरणार नाही, असं धरून चालू नका. काही गाड्यांत फॅनला थेट बॅटरीतून करंट असतो आणि गरम इंजिनवर तो मध्येच लागतो. हात आत असताना तो लागला तर बोटं जातात.

बॅटरी काढल्यावर म्युझिक सिस्टीम काही गाड्यांत कोड मागते. तो कोड आधीच हाताशी ठेवा.

लागणारं सामान: दहा आणि बारा नंबरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, केबल टाय, मार्कर आणि रेडिएटरच्या मापाचा एक जाड पुठ्ठा. पुठ्ठा कशाला ते पुढं येईल, पण तो विसरू नका.

सावधान: रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की उकळतं कूलंट तोंडावर येतं.

४. आधी डोळे, मग हात

टॉर्च घेऊन काउलच्या आतली कड पूर्ण गोल फिरून बघा. पात्याचं टोक कुठं घासत असेल तर तिथं चकचकीत ओरखडा दिसतो. ही खूण सापडली की अर्धं काम झालं. वायरचा लूप लोंबतोय का, बंपर ठोकल्यावर रेडिएटर मागं सरकलाय का, काउलच्या बोल्टखालची रबरं कडक होऊन फुटलीत का, तेही बघा.

आपल्याकडं आणखी एक चोर आहे. वेचणीच्या दिवसांत जिनिंगजवळ किंवा शेतातल्या आखाड्यावर गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर बोनेटखाली संसार थाटतात. माझ्या गाडीतून मी एकदा काउलच्या खालच्या खाचेतून मूठभर कापूस, सोयाबीनच्या शेंगांची टरफलं आणि सरकी काढली. पातं फिरलं की त्या कापसाचा पुंजका फर्रर्र वाजायचा. उंदराची घाण दिसली तर वायरीही तपासा, कारण त्यानं त्या कुरतडलेल्या असू शकतात.

आता हात. पातं टोकाला न धरता मध्यभागी, बॉसला (मधल्या गोल भागाला) धरून बोटानं हलकं फिरवा. चांगली मोटर थोड्या, सारख्या अडथळ्यानं फिरते. आत चुंबक असल्यामुळं हलके टप्पे जाणवतात, तो दोष नव्हे. वाळू दळल्यासारखी खरखर लागली किंवा एका जागी अडकली, तर आत झीज आहे.

मग बॉस धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवा. तिथं ढिलाई हाताला लागली तर बुश गेलं. पुढं-मागं केसभर हालचाल मात्र बऱ्याच मोटरींत मुळातच असते. तेवढ्यावर मोटर बाद करू नका.

तपासा: पात्यांची संख्या मोजा आणि प्रत्येकाच्या मुळाशी नखानं तडा शोधा. तडा गेलेलं पातं फेव्हिक्विकनं किंवा एमसीलनं चिकटवू नका. वेगात फिरताना तो तुकडा सुटून रेडिएटरची जाळी फोडतो आणि दोनशेचं काम हजारांत जातं. एक पातं तुटलं म्हणून तोल साधायला समोरचंही कापणारे महाभाग मी पाहिलेत. पूर्ण पंखा बदला.

५. फॅनच ओरडतोय, की कुणी त्याला ओरडायला लावतंय?

फॅन सतत पूर्ण वेगानं फिरत असेल तर मोटरला हात लावण्याआधी हे क्रमानं बघा.

पहिलं, कूलंट. गाडी थंड असताना टाकीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का? कमी असेल तर गळती शोधा. वर आपल्याकडं बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. ते जड पाणी आत क्षार धरतं, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात आणि फॅनला विसावाच मिळत नाही. कंपनीनं सांगितलेलं कूलंटच वापरा. मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी.

दुसरं, जाळी. एसीचा कंडेन्सर पुढं आणि रेडिएटर मागं असतो. त्या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि कापसाचे तंतू यांची गोधडी तयार होते. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते आणि आतून ती बंद असते. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूनं पुढं, म्हणजे हवेच्या उलट दिशेनं, बागेच्या पाइपच्या साध्या दाबानं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की जाळीच्या पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. फॅनच्या मोटरला आणि कपलरला प्लास्टिकची पिशवी बांधा. ब्रश पाकळ्यांच्या दिशेनंच फिरवा.

तिसरं, वायरिंग. तापमानाच्या सेन्सरचं कपलर सुटलं किंवा सेन्सर बिघडला तर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर सुरक्षिततेसाठी फॅन सतत चालू ठेवतो. रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटला तरी तेच होतं. असा दोष ओळखायला सोपा: गाडी थंड आहे, एसी बंद आहे आणि चावी फिरवताच फॅन सुरू. दोन वेग असलेल्या काही गाड्यांत हळू वेगासाठी करंट कमी करणारा रेझिस्टर असतो. तो जळला की फॅन हळू फिरतच नाही, उशिरा लागतो तो एकदम फुल. मालकाला वाटतं फॅन अचानक मोठ्यानं वाजू लागला.

इथंच एक देशी उपाय सुचवला जातो: "दादा, डायरेक्ट करून टाकू." म्हणजे सेन्सर-रिले सोडून फॅन थेट चावीवर जोडायचा. किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडं वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा. रस्त्यात अडकलात, कन्नडच्या घाटात गाडी तापली, तर घरी पोचण्यापुरतं डायरेक्ट ठीक. कायमचं ठेवलं की मोटर गरज नसताना दिवसभर फिरते, कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे तुकडे) आणि बुश लवकर झिजतात, आणि वर्षभरात तुम्ही पुन्हा हाच लेख वाचत असता.

६. फॅन बाहेर काढणं

वरची कारणं निकाली निघाली आणि बोट मोटरकडंच जातंय, तरच खोला. आधी मोबाईलवर चार फोटो काढा: वायर कुठून जाते, क्लिप कुठं आहेत, ओव्हरफ्लोचा पाइप कुठं अडकवलाय.

कपलरचं कुलूप दाबून कपलर सोडवा, वायर ओढू नका. काउलवर अडकवलेल्या वायरी आणि पाइप मोकळे करा. बऱ्याच छोट्या गाड्यांत वर दोन बोल्ट असतात आणि खालची टोकं नुसती खाचेत बसलेली असतात. बोल्ट काढल्यावर आता तो पुठ्ठा रेडिएटर आणि फॅनच्या मधे सरकवा. काउल सरळ वर उचला. पुठ्ठा नसेल तर काउलचा कोपरा जाळीवर घासतो, एक नळी फुटते आणि आवाजाचं काम गळतीचं होतं. काही गाड्यांत फॅन खालून निघतो. वर जागा नसेल तर जोर लावू नका, खालचं कव्हर काढून बघा.

७. पातं, बुश, मोटर

पातं, म्हणजे सगळ्या पात्यांचा पंखा, मधल्या नटवर किंवा क्लिपवर असतं. नट निघत नसेल तर थांबा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर नट सुटतो. ताकद लावून शाफ्ट वाकवल्याची उदाहरणं कमी नाहीत. काढण्याआधी पातं आणि शाफ्ट दोन्हीवर मार्करची एक रेघ मारा.

पातं काढून मोटर पुन्हा हातानं फिरवा. खरखर गेली? मग दोष पात्यात किंवा काउलमध्ये होता. पातं धुवा, चिखल काढा. खरखर कायम आहे, तर मोटर.

मोटर एकटी चालवून बघायची असेल तर शिकंज्यात घट्ट धरा आणि गाडीच्या फॅनच्या फ्यूजइतकाच फ्यूज मधे टाकून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. पातं लावलेलं नको. प्लस-मायनस उलटं झालं तर मोटर उलटी फिरते, तेव्हा खूण करून ठेवा. दोन वायरींपेक्षा जास्त वायरी असतील तर हा प्रयोग घरी करू नका.

आता तेलाचा वाद. चिर्रर्र करणाऱ्या बुशला शाफ्टच्या तोंडाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. जास्त झालं तर ते आत कार्बनवर जातं. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तो बुशमध्ये मुरलेलं मूळ तेल धुऊन काढतो, म्हणूनच दोन दिवस शांतता आणि मग दुप्पट किंचाळी. ग्रीस तर आत पोचतच नाही. तेलाचा थेंबही काही आठवड्यांची सोय आहे, दुरुस्ती नाही.

बुश ढिलं असेल तर दोन रस्ते. मोटर खोलता येणारी असेल आणि ओळखीचा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन असेल, तर बुश आणि कार्बन बदलून मिळतात. जुन्या गाडीला ते पुरतं. कडा दाबून बंद केलेली मोटर ठोकून उघडू नका, ती पुन्हा गोल बसत नाही. रोज लांबचा प्रवास असेल तर मी सरळ नवी मोटर घेईन. भंगारबाजारातली जुनी मोटर घ्यायचीच असेल तर तिथंच ढिलाई तपासा आणि बॅटरीवर चालवून ऐका. जुन्या मोटरीचं कपलर आणि पात्याची दिशा जुळते का, तेही बघा.

८. परत बसवताना

काढलं त्याच्या उलट क्रमानं. पातं रेघेला रेघ जुळवून, पुढची बाजू पुढंच. खालची टोकं खाचेत बसल्याची खात्री करून मगच वरचे बोल्ट लावा, आणि दोन्ही बोल्टनी हातानं फिरवून आटे धरल्यावरच पान्यानं आवळा. जुनी रबरं फुटली असतील तर बदला. त्यांच्याशिवाय आवळलेला फॅन नवा असूनही आख्ख्या बॉडीत थरथर सोडतो.

सुटलेल्या सगळ्या वायरी केबल टायनं बांधा. पुठ्ठा बाहेर काढा. हसू नका, तो आत राहतो.

तपासा: बॅटरी जोडण्याआधी पातं हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. काउलपासूनचं अंतर सगळीकडं सारखं हवं. कुठं शिवत असेल तर आत्ताच सैल करून बसवा.

मायनस जोडा, गाडी सुरू करा, एसी बंद. फॅन आपोआप लागून थांबण्याची वाट बघा, असं दोनदा होऊ द्या. काटा मध्यावरच राहायला हवा. फॅनसमोर जाळीवर कागदाचा कपटा धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. हवा पुढून इंजिनकडं ओढली जाते याची ती खूण. कपटा दूर फेकला गेला तर पातं किंवा वायरी उलट लागल्यात. नंतर एसी लावून ऐका, आणि दुसऱ्या टप्प्यातलं रेकॉर्डिंग वाजवून बघा.

९. बोलेरो, इनोव्हासारख्या गाड्यांसाठी

यांच्या बऱ्याच डिझेल इंजिनांवर फॅन इंजिनच्याच जोरावर फिरतो. त्याला वायर नसते, त्यामुळं पहिल्या टप्प्यातली थंड इंजिनची परीक्षा इथं लागू नाही. फॅनच्या मधे गोल कपलिंग असेल तर ते व्हिस्कस. आत सिलिकॉन तेल असतं आणि समोरच्या हवेच्या तापमानाप्रमाणं ते फॅनला कमी-जास्त पकडतं.

सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा वेळ भोंग आवाज येऊन मग कमी झाला तर ते नैसर्गिक आहे, रात्रभर तेल आत साचलेलं असतं. दिवसभर, थंड हवेतही, अॅक्सिलरेटरबरोबर तो गर्जत राहिला तर कपलिंग जाम आहे. उलट बाजूनं, गाडी चांगली तापल्यावर बंद करा, चावी काढा आणि पातं फिरवा. जड फिरायला हवं. भिंगरीसारखं गिरगिर फिरलं तर पकड गेली आहे आणि घाटात गाडी तापणार.

इंजिन बंद असताना पात्याचं टोक पुढं-मागं हलवा. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर कपलिंग बदला. पण आधी बघा, हलतंय ते कपलिंग की वॉटर पंपाचा शाफ्ट. बऱ्याच इंजिनांत फॅन पंपावरच बसतो. पंपाखालच्या छोट्या भोकातून कूलंटचा वाळलेला डाग दिसला तर घरघर पंपाची आहे. कपलिंगच्या कडेनं धुळीचं तेलकट कडं दिसलं तर त्यातलं तेल गळलंय.

इथंही काही गाड्यांत कपलिंगचा मोठा नट उलट्या आट्यांचा असतो. काढलेलं कपलिंग पुन्हा वापरायचं असेल, किंवा नवं आणून दोन दिवस ठेवायचं असेल, तर गाडीत बसतं तसं उभंच ठेवा. डिकीत आडवं टाकून जालन्याहून आणलेलं कपलिंग बसवायच्या आधीच तेल गळून बसलेलं मी पाहिलंय.